स्टर्जनच्या बोटुकल्या नदीत सोडण्याआधी जनुकीय चाचणी सक्तीची असावी का?

धागालेखक: तळ्याकाठचा

स्टर्जन हा कॅव्हिअर म्हणून विकल्या जाणाऱ्या काळ्या गाभोळीसाठी ओळखला जाणारा मासा आज जगातल्या सर्वाधिक संकटग्रस्त प्राणिगटांपैकी एक आहे. २०२२ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत स्टर्जन आणि त्यांचे जवळचे आप्त असलेले पॅडलफिश यांच्या हयात असलेल्या सर्व प्रजाती धोक्यात असल्याचे नोंदले गेले, चिनी पॅडलफिश नामशेष ठरला, आणि यांगत्सेमधला एक स्टर्जन नैसर्गिक अधिवासातून संपल्याचे जाहीर झाले. यावरचा बहुतेक देशांनी निवडलेला उपाय एकच आहे: मत्स्यबीज केंद्रात अंडी फलित करायची, बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, वाढवायच्या आणि नदीत सोडायच्या.

माझे म्हणणे असे की, ज्या माशांपासून हे बीज घेतले जाते त्यांची जनुकीय तपासणी झाल्याशिवाय एकही बोटुकली पाण्यात जाऊ नये. कारण या माशाच्या आयुष्यक्रमातच आहे. उत्तर अमेरिकेतल्या सरोवरी स्टर्जनची मादी साधारण विसाव्या-पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा अंडी घालते आणि त्यानंतरही दरवर्षी घालत नाही. त्यामुळे आज चुकीच्या खोऱ्यातले बीज सोडले, तर ते तिथे टिकून पुढची पिढी देते की स्थानिक साठ्याची, म्हणजे त्या नदीतल्या मूळ माशांच्या गटाची, घडी विस्कटते, हे कळेपर्यंत निर्णय घेणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो. शिवाय हे मासे बहुतांशी आपल्या जन्मनदीकडेच परततात, म्हणून बाहेरून सारखे दिसणारे दोन नद्यांमधले मासे हजारो वर्षे एकमेकांपासून अलग राहिलेले असू शकतात. अमेरिकेने २०१२ मध्ये अटलांटिक स्टर्जनला संरक्षण दिले तेव्हा संपूर्ण किनाऱ्याला एकच गट न मानता पाच स्वतंत्र गट पाडले. आणि त्या विभागणीचा एक मोठा आधार जनुकीय चिन्हकांचा, म्हणजे डीएनएतल्या ओळख पटवणाऱ्या खुणांचा, होता.

प्रतिसाद: धरणाखालचा

लेखकाच्या तळमळीबद्दल आदर राखून विचारतो, की रोग कोणता आणि औषध कोणते? डॅन्यूब नदीवर १९७२ आणि १९८४ मध्ये आयर्न गेट्सची दोन धरणे झाली आणि समुद्रातून वर येणाऱ्या स्टर्जनचा वरच्या पात्राशी संबंध तुटला. यांगत्सेवर १९८१ मध्ये गेझोउबा धरणाने तेच केले. या माशांचे जनुक बिघडले म्हणून ते कमी झाले नाहीत. वाट बंद झाली आणि गाभोळीसाठी कत्तल झाली म्हणून ते कमी झाले.

अमेरिकेतल्या मिसुरी नदीच्या वरच्या भागात पॅलिड स्टर्जन अजूनही अंडी घालतो. त्याची नुकती उबवलेली पिल्ले प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर वाहत जातात, मध्येच धरणाच्या जलाशयात शिरतात आणि तिथल्या प्राणवायू नसलेल्या गाळात मरतात. या दुष्टचक्रात मायक्रोसॅटेलाइट नावाच्या जनुकीय चिन्हकांचा तक्ता कोणते दार उघडणार आहे? सक्तीची चाचणी म्हणजे आणखी एक परवाना, आणखी एक प्रयोगशाळा, आणखी दोन वर्षे. आणि एखाद्या नदीत शे-दोनशे प्रौढ मासे उरलेले असतील तर ती दोन वर्षे उधार मिळत नसतात.

प्रतिसाद: परातला तुकडा

धरणांबद्दल आपण लिहिले ते बरोबरच आहे, परंतु आपले पॅलिडचे उदाहरणच आपल्या विरोधात जाते. त्याच नदीत शॉव्हेलनोज नावाचा त्याचा भाऊबंद राहतो, आणि दोघांची वाहत येणारी पिल्ले नुसत्या डोळ्यांनी खात्रीने वेगळी करता येत नाहीत. जाळ्यात आलेले पिल्लू पॅलिडचे की शॉव्हेलनोजचे, हे डीएनए सांगतो. या दोघांचा संकरही होतो, म्हणून केंद्रात आणलेला प्रौढ शुद्ध आहे की संकरित, हे बीज घेण्याआधी तपासावे लागते. न तपासता एका संकरित मादीची अंडी घेतली, तर एकाच हंगामात हजारो संकरित बोटुकल्या आपण सरकारी खर्चाने, संवर्धनाच्या नावाखाली नदीत ओतू.

बाल्टिक समुद्राची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथून नाहीसा झालेला स्टर्जन हा युरोपीय प्रजातीचा होता असे सगळे धरून चालले होते. २००२ मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांच्या डीएनएवरून दिसले की बाल्टिकमध्ये नंतरच्या काळात राहणारा मासा अटलांटिकपलीकडून आलेला अमेरिकन स्टर्जन होता. त्यामुळे बाल्टिकला मिळणाऱ्या ओडर नदीतल्या पुनर्वसनासाठी बीज युरोपीय प्रजाती उरलेल्या फ्रान्सच्या जिरोंदमधून न घेता कॅनडातल्या सेंट जॉन नदीतल्या माशांपासून घेतले गेले.

प्रतिसाद: धरणाखालचा

पिल्लांच्या ओळखीचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षात यायला हवा होता. बाल्टिकचा मात्र मान्य नाही. त्या पहिल्या अभ्यासाने अमेरिकन माशाचे आगमन मध्ययुगातले ठरवले होते आणि पुढच्या अभ्यासांनी ते त्याहून बरेच जुने ठरवले. म्हणजे ‘इथला मूळचा कोण’ या प्रश्नाचे उत्तर नमुने वाढले की सरकते. सरकत्या उत्तराला कायद्याची सक्ती जोडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद: चौपट गुणसूत्रे

दोन्ही बाजूंनी ‘जनुकीय चाचणी’ हा शब्द सोन्याचा कस लावावा तितक्या सहजतेने वापरला जात आहे, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो.

स्टर्जनमध्ये गुणसूत्रांची संख्याच प्रजातीनुसार पटीने बदलते. बेलुगा आणि स्टर्लेट यांच्यात ती सुमारे १२०, रशियन आणि सायबेरियन स्टर्जनमध्ये सुमारे २५०, तर शॉर्टनोज स्टर्जनमध्ये त्याहूनही अधिक असते. माणसात एका चिन्हकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची, आणि पितृत्वाचा हिशोब सरळ बसतो. अडीचशे गुणसूत्रांच्या स्टर्जनमध्ये एकाच चिन्हकाच्या चार प्रती दिसू शकतात. त्यात दोनच प्रकार आढळले, तर त्यांचे प्रमाण एकास तीन आहे की दोनास दोन, हे ठरवणे कठीण जाते आणि नेहमीची सूत्रे जशीच्या तशी लावता येत नाहीत.

दुसरी अडचण मायटोकॉन्ड्रियल डीएनएची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांमधल्या डीएनएची. तो केवळ आईकडून येतो. सोव्हिएत काळात १९५२ मध्ये तयार झालेला ‘बेस्टर’ हा बेलुगा मादी आणि स्टर्लेट नर यांचा संकर. त्याची गाभोळी केवळ या डीएनएवरून तपासली तर ती निखालस बेलुगाची ठरेल. त्यातच कॅस्पियनमधल्या काही रशियन स्टर्जनमध्ये सायबेरियन स्टर्जनशी मिळताजुळता मायटोकॉन्ड्रियल वंशप्रकार आढळतो. अशा माशाला ‘परका’ म्हणून बाद केले, तर स्थानिक साठ्याचाच एक भाग आपण कागदावर पुसून टाकतो. त्यामुळे सक्ती हवी असेल तर आधी ठरवा: कोणती चाचणी, किती चिन्हक, आणि निकाल संदिग्ध आला तर मासा कोणाच्या पारड्यात टाकायचा?

प्रतिसाद: लोणावळ्याची

आपल्याकडे स्टर्जन नाही, पण हा वाद आपल्या परिचयाचा आहे. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेल्या निळ्या परांच्या महाशीराचे बीज १९७० च्या दशकापासून दूरच्या कावेरीतही गेले, आणि हेतू चांगलाच होता. कावेरीत मात्र पाठीवर उंचवटा असलेला केशरी परांचा वेगळा महाशीर होता, ज्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली, तीही जनुकीय पुराव्याच्या मदतीने. तोपर्यंत सोडलेला मासा सर्वत्र दिसू लागला होता आणि मूळचा अत्यंत संकटग्रस्त झाला होता. ‘मासा सोडणे कधी वाईट असू शकत नाही’ या समजुतीला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

प्रतिसाद: बाजारपेठ

चर्चा बोटुकल्यांभोवतीच फिरते आहे म्हणून एक भर. लोअर डॅन्यूबच्या देशांतून, म्हणजे रुमानिया, बल्गेरिया, सर्बिया आणि युक्रेनमधून, गोळा केलेल्या गाभोळी आणि मांसाच्या १४९ नमुन्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २१ टक्के नमुने रानटी माशांचे निघाले, आणि ‘स्टर्जन’ म्हणून दिलेल्या काही पदार्थांत स्टर्जनच नव्हता. मात्र प्रजाती डीएनएने कळली तरी मासा नदीतला की शेततळ्यातला, हे ठरवायला समस्थानिकांची, म्हणजे अन्न-पाण्यानुसार प्रमाण बदलणाऱ्या एकाच मूलद्रव्याच्या प्रकारांची, जोड घ्यावी लागली. धरण पाडायला पन्नास वर्षे लागोत. विक्रेत्याच्या टेबलावरचा डबा आजही तपासता येतो.

धागालेखक: तळ्याकाठचा

‘चौपट गुणसूत्रे’ यांचा आक्षेप रास्त आहे, आणि ‘सक्तीची चाचणी’ हा माझा शब्दप्रयोग सैल होता. तो बदलतो. सोडण्याआधी निकाल हाती असलाच पाहिजे हा आग्रह मी संकराची शक्यता असलेल्या नद्या आणि बाहेरून आणलेले बीज यांच्यापुरता ठेवतो. इतर ठिकाणी बीज देणाऱ्या प्रत्येक नर-मादीच्या पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये जपावा आणि जोड्यांची नोंद ठेवावी. आयडाहोतल्या कूटेनाई नदीत लिबी धरणानंतर पांढऱ्या स्टर्जनची नवी पिढी जवळपास बंद पडली, तेव्हा कूटेनाई जमातीने स्वतःचे केंद्र उभारून रानटी माशांचे बीज घेतले, आणि एकाच जोडीची पिल्ले सगळीकडे होऊ नयेत म्हणून कुटुंबे मोजून सोडण्याची पद्धत पाळली. तिथले प्रौढ म्हातारे होत चालले आहेत. पुढे त्या नदीत जे पोहेल ते मुख्यतः आज निवडलेल्या जोड्यांचेच असेल.

प्रतिसाद: धरणाखालचा

या बदललेल्या स्वरूपात मला फारसे भांडण उरत नाही, कारण तुकडा जपायला वेळ लागत नाही. तरीही कूटेनाईत अंडी आजही वाळू-गाळावर पडून मरतात, आणि ते थांबवण्यासाठी धरणातून वसंतात किती पाणी सोडायचे, हा वाद तुमच्या बाटल्यांच्या फडताळाबाहेरचा आहे. अंदाजपत्रकात दोन्हींसाठी पैसे नसतील त्या वर्षी मी पाण्याच्या बाजूने हात वर करीन.