लंडनला जाऊन म्युझियम कशाला? छे, जायलाच हवं!

भटकी_नीता: "परदेशात जाऊन म्युझियममध्ये अर्धा दिवस म्हणजे पैसे पाण्यात, मूर्ती आपल्याकडे काय कमी आहेत?" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. ब्रिटिश म्युझियम काय, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट काय, कायमचा संग्रह बघायला तिकीटच नाही! पैसे जातात मेणाचे पुतळे बघण्यात. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

सातारकर: वेळेला किंमत नाही का? आईबाबांना टूरने नेलं होतं. टूर मॅनेजर म्हणाला, पाऊण तासात बसपाशी या. ब्रिटिश म्युझियममध्ये ममी बघितल्या, रोझेटा स्टोन या प्राचीन इजिप्तच्या शिलालेखापुढच्या गर्दीत लोकांची डोकी बघितली, बाबांचे गुडघे धरले. आज विचारा, त्यांना थेम्समधली बोट तेवढी आठवते.

भटकी_नीता: हा दोष पाऊण तासाचा. ममी सोडून तिथेच असलेले आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे शिल्पपट बघितले असते, तर बाबांनी स्वतःहून विषय काढला असता.

चिंचवडकर: अमरावतीचे! म्हणजे आपलंच उचलून नेलेलं आपण विमानाचं तिकीट काढून बघायचं. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ 1799मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीतून गेला. मी त्या दारात पाऊल ठेवणार नाही.

सातारकर: आणि वाघनखं? जुलै 2024मध्ये साताऱ्यात आली तीही तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. आम्ही रांगेत उभं राहून दर्शन घेतलं.

जुनी_वही: ती महाराजांनीच वापरली याची खात्री देता येत नाही, असं ती उसनी देणारं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट स्वतः सांगतं. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, ग्रँट डफ याच्याकडून ती त्याच्या घराण्यात गेली, एवढंच.

सातारकर: झालं यांचं सुरू! साताऱ्यात येऊन हे बोलून दाखवा.

जुनी_वही: येईन आणि हेच बोलेन. महाराजांबद्दल आदर आहे म्हणूनच पुरावा मागते. आणि चिंचवडकर, सगळंच लुटीचं नाही. 1872पासून पुढे बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आपल्या जे.जे.च्या जॉन ग्रिफिथ्स या इंग्रज चित्रकार-शिक्षकांनी तिथल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करवून घेतल्या. 1885मध्ये लंडनच्या आगीत कितीतरी जळाल्या, उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे आहेत. लेण्यातला रंग उडत गेला, तेव्हा कुठे काय होतं ते या प्रतींवरून कळतं. आपल्या पोरांनी अंधारात बसून केलेलं काम आहे ते. त्याच्याकडेही पाठ फिरवणार?

चिंचवडकर: प्रतींचं मान्य. लुटीचं नाही. परत द्या म्हटलं की ब्रिटिश म्युझियम संग्रहातल्या वस्तू देऊन टाकू न देणाऱ्या 1963च्या कायद्याकडे बोट दाखवतं. कायदा केला कोणी? त्यांच्याच संसदेने!

भटकी_नीता: म्हणून तर जाऊन, बघून, तिथल्या अभिप्राय वहीत हेच लिहायचं. घरी बसून कोणाला कळणार तुमचा राग? आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात 2023च्या डिसेंबरपासून ब्रिटिश म्युझियमची शिल्पं मांडली होती, ग्रीक, रोमन, इजिप्तची. तेव्हा इथले किती जण गेले होते?

सातारकर: मी नव्हतो गेलो. पण मुंबईतला एक दिवस आणि लंडनमधला एक दिवस, दोन्हींचा खर्च सारखा नसतो ताई. बाबा पुन्हा आले तर अमरावती बघू, टूरवाल्याशिवाय. वाघनखांबद्दल मात्र माघार नाही.