संशोधनाचा पुरस्कार द्यायचा तर एकाला की सगळ्या टीमला?

अजनीकर

१ जुलै, म्हणजे डॉक्टर्स डे जवळ आला की नागपुरात सत्कारांची निमंत्रणं फिरू लागतात. यंदा ओळखीच्या काही डॉक्टरांनी आणि देणगीदारांनी मिळून ठरवलंय की क्लिनिकल (पेशंटवरच्या उपचारांच्या) आणि इमेजिंग (सीटी, एमआरआयसारख्या स्कॅनच्या) संशोधनासाठी शहराचा एक पुरस्कार दरवर्षी द्यायचा. कल्पना मला मनापासून आवडली. मसुदा वाचला तेव्हा मात्र त्यात तीन अटी दिसल्या: मानकरी एकच, तो ज्येष्ठ प्राध्यापक असावा, आणि निवड शोधनिबंधांच्या संख्येवर व्हावी. तिन्ही अटी काढाव्यात असं माझं मत आहे. म्हणून हा धागा.

मी क्लिनिकल ट्रायल्समध्ये, म्हणजे पेशंटवर औषधं पारखणाऱ्या अभ्यासांत, कोऑर्डिनेटर आहे. संमतीपत्र समजावून सांगण्यापासून पेशंटला वर्षभर फॉलोअपला टिकवून ठेवण्यापर्यंत कोण काय करतं हे रोज बघते. तरी माझी तक्रार कोणाचे कष्ट किती याबद्दल नाही. चांगलं संशोधन ओळखायचं कसं, तिथेच हा मसुदा चुकतो.

आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात. परदेशात त्याचा डोस पेशंटला सोसेल तिथपर्यंत हळूहळू वाढवत नेतात आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासतात. भिवापूर किंवा कुरखेड्याहून रोजी बुडवून येणाऱ्या बापाला ते कसं झेपणार? नागपूरच्या मेडिकलमधल्या (सरकारी मेडिकल कॉलेजातल्या) डॉक्टरांनी किलोमागे रोज १० मिलिग्रॅम असा कमी आणि ठरलेला डोस घेऊन ट्रायल केली. एका गटाला औषध, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं. औषधाच्या गटात वेदनेचे झटके कमी झाले, रक्त चढवण्याची वेळ कमी आली, भरती होणं कमी झालं. २०१२ मध्ये हे 'हिमोग्लोबिन' या नियतकालिकात छापून आलं. इथल्या पेशंटची अडचण ओळखून विचारलेला प्रश्न, आणि त्याला खात्रीचं उत्तर. निबंध मोजायला बसलात तर या ट्रायलचा एक आकडा आणि कुठल्याशा केस रिपोर्टचाही (एखाद्याच पेशंटच्या हकिकतीचाही) एकच.

इमेजिंगमध्ये तर 'मानकरी एकच' ही अट आणखी अन्यायाची. सीटी स्कॅनसाठी १९७९ चं नोबेल गॉडफ्रे हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळालं, एक इंजिनिअर आणि एक पदार्थवैज्ञानिक. पण १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला तो जेम्स ॲम्ब्रोज या रेडिओलॉजिस्टसोबत. १९७३ मध्ये दोघांचे लेख पाठोपाठ छापून आले, यंत्रावरचा हाउन्सफिल्डचा, पेशंटमध्ये त्याचा उपयोग सांगणारा ॲम्ब्रोजचा. आज ॲम्ब्रोजचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

माझी मागणी साधी आहे. पुरस्कार कामाला द्या. त्या कामात ज्यांच्यावाचून अडलं असतं त्या सगळ्यांची नावं मानपत्रात घाला, मग तो टेक्निशियन असो, नर्स असो वा आकडेवारी सांभाळणारा.

डॉ. वर्धारोड

ताई, पेपरांच्या संख्येची अट काढा, शंभर टक्के सहमत. 'मानकरी एक' ही अट मात्र राहू द्या. कारण सांगतो.

सिकलसेलचंच उदाहरण घेऊ. या आजारात लहान मुलांना पक्षाघात होतो. कोणाला होणार हे आधी कळत नसे. अमेरिकेत ऑगस्टा इथले रॉबर्ट ॲडम्स यांनी कानशिलावर डॉप्लर या ध्वनिलहरींच्या यंत्राचा प्रोब ठेवून मेंदूच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजला आणि १९९२ मध्ये दाखवून दिलं की वेग खूप वाढलेल्या मुलांना पक्षाघाताचा धोका मोठा असतो. पुढे 'स्टॉप' ट्रायलमध्ये वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असलेली १३० मुलं घेतली. अर्ध्यांना नियमित रक्त दिलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. नेहमीच्या उपचारांवरच्या ११ मुलांना पक्षाघात झाला, रक्त मिळालेल्यांत एकाला. फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल मुदतीआधी थांबवावी लागली. १९९८ मध्ये निकाल छापून आला आणि जगभरची पद्धत बदलली.

या ट्रायलमध्ये कितीतरी केंद्रं होती, कितीतरी माणसं राबली. पण 'कानशिलावरून मोजून बघू आणि त्यावर ट्रायल उभी करू' हा आग्रह एका माणसाने वर्षानुवर्षं धरला. हसं झालं असतं तर त्याचंच झालं असतं. कल्पनेची जोखीम घेणाऱ्याचं नाव वेगळं काढून सांगायला हवं. चाळीस नावांचं मानपत्र कोणी वाचत नाही.

आणखी एक. आमचे हुशार एमडी नागपुरात टिकत नाहीत. जे टिकतात ते धंतोली-रामदासपेठेत प्रॅक्टिस टाकतात, त्यात गैर काहीच नाही. पण संशोधनातही नाव होतं हे विद्यार्थ्याला दिसायचं असेल तर त्याला एक चेहरा लागतो. अभय आणि राणी बंग दोघंही आपल्या मेडिकलचे विद्यार्थी. त्यांची नावं ऐकूनच गावपातळीवरच्या संशोधनाकडे वळलेले डॉक्टर मी पाहिले आहेत.

डार्करूम

सर, नमस्कार. मी रिटायर्ड रेडिओग्राफर. तुम्ही सांगितलेला २०० चा आकडा वाचला आणि लिहायला बसलो.

हा आकडा मशीन आपोआप देते असं लोकांना वाटून राहिलं. तसं नाही ना सर. कानशिलाचं हाड ज्या जागी पातळ असते तिथूनच ध्वनिलहरी आत जाते. प्रोब जरासा तिरपा धरला की वेग कमी येते. पोरगं रडलं, जोरजोरात श्वास घ्यायला लागलं की आकडा बदलते. झोपलं तरी बदलते. म्हणजे चार वर्षांचं पोरगं जागंही पाहिजे आणि शांतही पाहिजे, आणि तेवढ्यात आम्ही मिलिमीटर-मिलिमीटरने धमनी शोधत जायचं. १७० च्या खाली ठीक, १७० ते १९९ म्हणजे लवकर पुन्हा तपासा, २०० म्हणजे धोका. १९० आणि २०५ मधला फरक मोजणाऱ्याच्या हातात असते. चुकीचा हात म्हणजे एकतर पोराला नाहक महिन्या-महिन्याला रक्त, नाहीतर ज्याला पाहिजे होतं त्याला मिळालंच नाही.

आता सांगा, त्या ट्रायलमध्ये प्रोब धरणारे वेगवेगळ्या केंद्रांवर एकसारखे तयार केले नसते तर ॲडम्स साहेबांची कल्पना सिद्ध झाली असती का? कल्पना मोठीच. पण इमेजिंगमध्ये मोजणारा हा संशोधनाचाच भाग आहे. त्याला आभाराच्या ओळीत टाकून भागत नाही.

पीजी_मेडिकल

डार्करूम काका, तुमची ही पोस्ट आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकली आहे.

पेपरांच्या संख्येबद्दल मला बोलायचंय. मेडिकल कॉलेजात प्राध्यापकाच्या बढतीसाठी शोधनिबंध लागतात, हा नियमच आहे. त्यामुळे शिकवण्याचं, ओपीडीचं, इमर्जन्सीचं ओझं सांभाळून कसेबसे पेपर 'काढले' जातात. काहींना मेल येतात की तुमची निवड झाली आहे, शुल्क भरा आणि अमुक शहरात येऊन पुरस्कार घ्या. अशा गर्दीत प्रामाणिक माणूस मागे राहतो. नागपूरच्या पुरस्काराने ही अट घातली तर तो त्याच रांगेत जाऊन बसेल.

पण अजनीकर ताई, एक शंका आहे. काम निवडायचं तर त्याचा परिणाम दिसायला हवा. त्याला किती वर्षं थांबायचं? एमआरआयचं बघा. पॉल लॉटरबर यांचा लेख १९७३ चा, नोबेल २००३ मध्ये. तीस वर्षं! तोवर आम्ही सगळे प्रॅक्टिसमध्ये गेलेलो असू.

डॉ. वर्धारोड

पीजीने एमआरआय काढलाच आहे तर तो किस्सा पुरा करतो, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं. गाठीतल्या पेशींचा एमआर संकेत निरोगी पेशींपेक्षा वेगळा येतो असं १९७१ मध्ये छापणारे रेमंड डामाडियन वगळले गेले. नोबेल एका विषयात तिघांपर्यंत देता येतं, म्हणजे जागा होती. डामाडियन यांनी अमेरिकी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. समितीने बरोबर केलं की चूक, यावर आजही वाद आहे. पण निदान वाद तरी झाला, कोणी काय केलं हे जगाने तपासलं. 'टीम'ला पुरस्कार दिला असता तर कोणाची कल्पना, कोणाची सुधारणा हे तपासण्याची गरजच कोणाला पडली नसती. सगळ्यांना वाटून दिलेल्या श्रेयाखाली खरा कर्ता झाकला जातो, आणि विभागप्रमुख टीमच्या नावाने पुढे बसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अजनीकर

डॉक्टरसाहेब, विभागप्रमुखाची भीती अगदी खरी. पण तो 'मानकरी एक' असतानाच सगळ्यात आधी पुढे बसतो! उपाय नावं कमी करण्यात नाही, प्रत्येक नावापुढे काम लिहिण्यात आहे. प्रश्न कोणाचा, ट्रायलचा आराखडा कोणाचा, स्कॅन कोणी केले, निकाल माहीत नसताना ते कोणी वाचले, आकडेमोड कोणाची. असं लिहिलं की कल्पना मांडणाऱ्याचं नाव आपोआप पहिल्या ओळीत येतं आणि ज्याने नुसती सही केली त्याच्यापुढे लिहायला काही उरत नाही.

सरकारनेही हे ओळखलंय. २०२४ पासूनच्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत व्यक्तींच्या पुरस्कारांबरोबर 'विज्ञान टीम' हा वेगळा पुरस्कार आहे, आणि पहिल्याच वर्षी तो चांद्रयान-३ च्या टीमला दिला.

पीजी, तुझी शंका रास्त आहे. तीस वर्षं कोण थांबणार? पण उपचार बदलले का, एवढंच विचारावं असंही नाही. ट्रायल आधी नोंदवली होती का, ठरलेला निकष मध्येच बदलला का, निकाल विरुद्ध गेला तरी छापला का, हे आजच तपासता येतं. देशात ट्रायलची आगाऊ नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे, नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत. 'औषधाचा उपयोग झाला नाही' हे सरळ छापणाऱ्या तरुण डॉक्टरला पुरस्कार मिळाला तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल.

इंदोऱ्याची आई

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला सिकलसेल आहे. तुमच्या पोस्ट वाचताना बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच कळल्या. डॉप्लरची ही तपासणी आहे हेसुद्धा आत्ता कळलं, पुढच्या भेटीत विचारणार आहे.

१९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं असं आमच्या शिबिरात एका सरांनी सांगितलं. तेव्हापासून आमच्या वस्त्यांमधल्या लोकांनी किती वेळा रक्त दिलं असेल, विचार करा. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरलं. तपासणी चांगलीच. पण अभ्यासात भाग घेतलेल्या आईबापांना पुढे निकाल काय लागला हे कोणी मराठीत सांगत नाही. रक्त घेतात, फॉर्मवर सही घेतात, मग कागद इंग्रजीत छापून येतो.

पुरस्कार एकाला द्या की सगळ्यांना, ते तुम्ही जाणकार ठरवा. माझं म्हणणं इतकंच की ज्यांच्यावर अभ्यास केला त्यांना निकाल त्यांच्या भाषेत सांगितला असेल तरच अर्ज घ्यावा. आणि निवड समितीत आमच्यातलं कोणी असावं.

डॉ. वर्धारोड

ताई, तुमची पहिली मागणी मसुद्यात जायलाच हवी, मी स्वतः लिहून देतो. डॉप्लरबद्दल मुलीच्या डॉक्टरांना जरूर विचारा. साधारण दोन ते सोळा वर्षांच्या मुलांत वर्षातून एकदा ही तपासणी करावी असं म्हणतात. सुई नाही, दुखत नाही. वय आणि आजाराचा प्रकार पाहून ते सांगतील.

समितीबद्दल मात्र मला शंका आहे. ट्रायलचा आराखडा भक्कम होता की नाही, हे पेशंटच्या नातेवाइकाने कसं ठरवायचं?

डार्करूम

आराखडा तुम्ही ठरवा ना सर. प्रश्न कामाचा होता की नाही, हे त्यांना विचारा. आमच्या विभागात चकचकीत स्कॅनवर कितीतरी पेपर निघाले, ज्याचा पेशंटला काहीच उपयोग नव्हता. त्या वेळी एखादी आई समोर बसली असती तर अर्धे विषय सुरूच झाले नसते.

डॉ. वर्धारोड

प्रश्नाच्या निवडीपुरतं मान्य. गुण वेगळे ठेवू, प्रश्नाचे वेगळे आणि पद्धतीचे वेगळे. प्रत्येक नावापुढे काम लिहायलाही हरकत नाही. पण मंचावर बोलायला एकच जण उभा राहील, ज्याने प्रश्न मांडला तो. यावर मी अडून आहे.

अजनीकर

आणि तो प्रश्न एखाद्या ओपीडीतल्या सिस्टरने मांडला असेल तर सिस्टर उभी राहील, हे त्याच कलमात लिहून द्या. बाकी मसुदा रविवारी इथे टाकते.