वॉल्टनचा पाय आधीपासूनच नाजूक होता
'अमेरिकन बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन कॉलेजात ठणठणीत होता, पुढे पोर्टलंड संघाकडून खेळताना घेतलेल्या इंजेक्शनने त्याची वाट लागली' हे म्हणणं अर्धंच पटतं. गुडघेदुखी यूसीएलए या त्याच्या कॉलेजपासूनच होती. जानेवारी १९७४ मध्ये वॉशिंग्टन स्टेट या कॉलेज संघाविरुद्ध खेळताना पडून त्याच्या मणक्यांची दोन हाडं मोडली आणि तरी थोड्याच दिवसांत तो पट्टा बांधून नोत्र दामविरुद्ध उतरला. यूसीएलएची सलग ८८ विजयांची मालिका तुटली तो हाच सामना, ७१-७०.

पायाचं म्हणाल, तर त्याची कमान उंच आणि ताठ होती. असा पाय उडीनंतरचा दणका जिरवत नाही, बराचसा भार कमानीच्या माथ्यावरच्या नॅव्हिक्युलर या छोट्या हाडावर येतो. या हाडाच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा तुटपुंजा, आणि तडा नेमका तिथेच जातो. सुरुवातीला पायाच्या वरच्या बाजूला नुसतं ठसठसतं, साध्या एक्स-रेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही. सीटी किंवा एमआरआयच लागतो. वेळेत कळलं तर सहा ते आठ आठवडे प्लास्टर, आणि पाय अजिबात टेकवायचा नाही. जरा बरं वाटलं म्हणून खेळायला लागलं की हाड सांधतच नाही. म्हणूनच १९७८ च्या प्लेऑफमधलं (हंगामाअखेरच्या बाद फेरीतलं) पोर्टलंडचं ते बधिर करणारं इंजेक्शन मला अक्षम्य वाटतं: दुखणं ही एकच सूचना होती, तीच बंद केली. पुढे १९८१ मध्ये शस्त्रक्रियेने कमान खाली आणली, तेव्हा कुठे १९८५-८६ मध्ये बॉस्टनकडून तो ८० सामने खेळू शकला.