विरोध संपल्यानंतरची परीक्षा
घरच्यांचा विरोध मावळला की प्रेमाची परीक्षा संपते, हे मत मला पटत नाही. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान आणि पियानोवादक क्लारा यांनी तिच्या वडिलांशी न्यायालयात झगडून १८४० मध्ये लग्न केले. पण १८४२ च्या मैफलींच्या दौऱ्यात ओल्डेनबुर्ग या जर्मन संस्थानाच्या दरबाराने केवळ क्लारालाच बोलावले, हे रॉबर्टला इतके लागले की पुढे ती कोपनहेगनला गेली आणि तो एकटाच लाइपझिगला परतला. तीही स्वतःच्या रचनांबद्दल निःशंक नव्हती. स्त्रीने संगीतरचनेची इच्छा धरू नये, असे तिने विसाव्या वर्षीच रोजनिशीत लिहिले होते, आणि हे वाचताना मला आजही फार वाईट वाटते, कारण तिच्या रचना खरोखर सुंदर आहेत.