जिन्याखालच्या फ्रिजचं दार आज काढा

ग्रुप: आपली सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)

प्राची (बी-२०४): दातार काका, बी विंगच्या जिन्याखालचा फ्रिज अजून तिथेच आहे. आत्ता आरतीनंतर मुलं लपाछपी खेळत होती. ए विंगमधला छोटा त्या फ्रिजचं दार उघडून आतली जाळी ओढून काढत होता. "काकू, मी यात मावतो" म्हणाला. त्याला हाताला धरून बाजूला आणलं. माझे हात अजून थरथरतायत.

प्राची (बी-२०४): आणि किल्ली हँडलच्या कुलपातच आहे. बाहेरून एखाद्या पोराने गंमत म्हणून फिरवली तर?

दातार, सेक्रेटरी (ए-१०२): नमस्कार. विषय कमिटीच्या विचाराधीन आहे. मे महिन्याच्या मीटिंगमध्ये चर्चा झाली होती. मालकांना दोनदा कळवले आहे.

ओंकार (सी-४०१): तोपर्यंत त्यात मंडळाचे मोदक ठेवू 😄

जोगळेकर काका (ए-३०१): सर्व सभासदांना विनंती. फ्रिजच्या मागच्या बाजूला खाली जो ट्रे असतो, त्यातले पाणी दर आठवड्याला काढावे व ट्रे घासून पुसावा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. महापालिकेचे लोक घरोघर येऊन ट्रे बघतात, अळ्या सापडल्यास दंड होतो.

प्राची (बी-२०४): काका, तो विषय वेगळा. मी दाराबद्दल बोलतेय.

नलिनीताई, खजिनदार (ए-२०४): भंगारवाला मागे ९०० देतो म्हणाला होता. ते सोसायटीच्या खात्यात यायला हवेत. जुन्या सायकलींचे पैसे कुठे गेले ते अजून मला कळलेलं नाही.

दातार, सेक्रेटरी (ए-१०२): ताई, सायकलींचा हिशोब वार्षिक सभेत मांडलेला आहे. इथे नको.

नलिनीताई, खजिनदार (ए-२०४): मांडला, पण पावती नव्हती. असो.

समीर (बी-१०१): नमस्कार. तो फ्रिज माझ्या आईचा आहे. ९६ साली घेतलेला. फ्लॅटचं रंगकाम चालू होतं म्हणून तेवढ्यापुरता खाली ठेवला. मी नाशिकला असतो, लगेच येणं जमत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. ९०० रुपयांसाठी माझ्या आईची वस्तू परस्पर विकायची चर्चा ग्रुपवर वाचून वाईट वाटलं.

वैशाली काकू (बी-३०२): समीर, तुझ्या आईने आमची सगळ्यांची दुधं त्यात ठेवली आहेत रे. आमच्याकडे फ्रिज नव्हता तेव्हा सोनलच्या बाळंतपणातलं औषधसुद्धा तिथेच होतं. कुणी वाईट मनाने बोलत नाहीये.

समीर (बी-१०१): काकू, तुमचं ठीक आहे. बाकीच्यांचा सूर वेगळा वाटतो.

अभय (सी-२०२): रंगकाम गेल्या दिवाळीत संपलं पण. मेंटेनन्सचंही बघा जरा एकदा.

समीर (बी-१०१): ते इथे काढायची गरज नव्हती.

प्राची (बी-२०४): कृपया. दार कधी निघणार?

मोरे (सी-१०३): मी ड्युटीवर होतो, आत्ता वाचलं. फ्रिज-एसीच्या कामात माझी निम्मी जिंदगी गेली म्हणून सांगतो. प्राचीताई बरोबर बोलतायत. फ्रिजच्या दाराला कडेने जे रबर असतं ते हवा आत-बाहेर जाऊ नये म्हणूनच असतं. दार बंद झालं की आत जेवढी हवा आहे तेवढीच. शिवाय भिंतीत जाड फोम भरलेला असतो, त्यामुळे पोर आतून ओरडलं तरी बाहेर जवळपास काही ऐकू येत नाही. शोधणारी मुलं शेजारून पळून जातील. अमेरिकेत सोडून दिलेल्या फ्रिजमध्ये लहान मुलं गुदमरून जायला लागली म्हणून १९५६ साली कायदा करावा लागला, की दार आतून ढकलून उघडलं पाहिजे. चुंबकाचं रबर सगळीकडे आलं ते त्यानंतर.

मोरे (सी-१०३): आता कुणी म्हणेल, हाही चुंबकवाला आहे, ढकललं की उघडेल. पण याला कुलूप आहे आणि किल्ली त्यातच आहे. शिवाय समोर मांडवाचे बांबू टेकवलेत, ते दारावर सरकले की मोठ्या माणसालाही आतून उघडणार नाही.

दातार, सेक्रेटरी (ए-१०२): मोरे, दार भिंतीकडे तोंड करून ठेवले तर? किंवा दोरीने बांधून? म्हणजे मालकांची परवानगी येईपर्यंत.

मोरे (सी-१०३): दोरी पोरं सोडतात. फिरवून ठेवला तर पोरं ढकलून परत फिरवतील, किंवा अंगावर घेतील. रिकामा असला तरी मागे खाली कॉम्प्रेसरचं वजन असतं. दार काढणे हा एकच उपाय. वरचा बिजागर पाना लावून सोडवायचा, दार उचलून घ्यायचं. गॅसच्या नळीचा दाराशी काही संबंध नाही, त्यामुळे धोका नाही. आतल्या जाळ्या मात्र परत लावून ठेवायच्या. जाळ्या असल्या की आत शिरायला जागाच राहत नाही.

ओंकार (सी-४०१): मोरे काका म्हणजे आपले फ्रिजतज्ज्ञ 🙏 माझ्या फ्रिजरमध्ये बर्फाचा डोंगर झालाय, तेवढं सांगा.

वैशाली काकू (बी-३०२): हो रे, माझ्याही. कप्प्याचं झाकण बंदच होत नाही. उलथण्याने खरवडलं तर चालेल का?

मोरे (सी-१०३): काकू, अजिबात नको. उलथणं, सुरी, स्क्रू ड्रायव्हर, काही म्हणजे काही नाही. फ्रिजरचा पत्रा म्हणजे साधा पत्रा नाही, त्याच्या आतूनच गॅसची नळी फिरलेली असते. एक टोक लागलं की फुस्स, आणि मग कॉइल बदलण्यापेक्षा फ्रिज बदला म्हणतात. बर्फ अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की थर्मोस्टॅटच्या बटणातलं मधलं बटण दाबा किंवा सरळ स्विच बंद करा, दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. आपसूक सुटतो. आणि बर्फ सारखा सारखा होत असेल तर दाराचं रबर बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर गेलंय.

वैशाली काकू (बी-३०२): बघते. सूनबाई सुरीच घेऊन बसली होती.

जोगळेकर काका (ए-३०१): सर्व सभासदांना विनंती. फ्रिजच्या मागच्या बाजूला खाली जो ट्रे असतो, त्यातले पाणी दर आठवड्याला काढावे व ट्रे घासून पुसावा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो.

अभय (सी-२०२): काका, हे तुम्ही दुपारीही टाकलं होतंत 🙏

जोगळेकर काका (ए-३०१): सी विंगमध्ये दोघांना डेंग्यू झाला आहे. लोक वाचत नाहीत म्हणून परत टाकतो.

श्वेता (ए-४०३): गुरुवारी लाईट जाते तेव्हा फ्रिजरमधल्या माशांचं काय करायचं? गेल्या वेळी सुरमई टाकून दिली.

अभय (सी-२०२): आणि वास आमच्या डक्टमध्ये.

श्वेता (ए-४०३): वास तुमच्या डक्टमधल्या कचऱ्याचा होता. तो फोटो माझ्याकडे आहे.

दातार, सेक्रेटरी (ए-१०२): कृपया व्हेज-नॉनव्हेज विषय या ग्रुपवर नको.

मोरे (सी-१०३): श्वेताताई, लाईट गेली की दार उघडायचंच नाही. फ्रिजर गच्च भरलेला आणि बंद असेल तर दोन दिवसांपर्यंत माल गोठलेला राहू शकतो, अर्धा भरलेला असेल तर दिवसभर. पुण्याच्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरा. खालच्या कप्प्यात मात्र चार तासच. लाईट आल्यावर माशावर बर्फाचे कण दिसत असतील तर परत गोठवायला हरकत नाही. मऊ पडून कोमट झाला असेल तर टाका.

प्राची (बी-२०४): दार कधी निघणार?

प्राची (बी-२०४): समीर, तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही. काकूंबद्दल तर नाहीच. पण उद्या परत आरती आहे, परत मुलं खेळणार. फ्रिज कुणाचा, पैसे कुणाचे, कुठे न्यायचा, हे सगळं विसर्जनानंतर ठरवा. दार आज काढा. मला एवढंच हवंय.

समीर (बी-१०१): दार काढलं की तो फ्रिज राहत नाही, भंगार होतो. मी तो गावी द्यायचा विचार करत होतो. चालू स्थितीत आहे.

मोरे (सी-१०३): समीर, स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस. ९६ चा आहे म्हणजे आत बहुतेक आर-१२ गॅस असणार. ओझोनला भोक पाडणारा तो हाच. आपल्याकडे २०१० पासून तो बंदच आहे, उद्या गॅस गेला तर भरायला मिळणार नाही. वर वीज खाणार नव्या फ्रिजपेक्षा कितीतरी जास्त. गावी ज्याला देशील त्याच्या गळ्यात बिल पडेल. आणि दार काढून नीट ठेवलं तर बिजागर परत बसतो, ते काही तोडणं नाही.

समीर (बी-१०१): हे मला माहीत नव्हतं. ठीक आहे, भंगारवाल्याला द्या मग. पैसे सोसायटीने घ्या. नलिनीताई, तुमचा प्रश्न सुटला.

नलिनीताई, खजिनदार (ए-२०४): माझा वैयक्तिक प्रश्न नव्हता समीर. मी खजिनदार म्हणून बोलले.

मोरे (सी-१०३): भंगारवाल्याला नको. तो काय करतो मी डोळ्यांनी पाहिलंय. गेटबाहेरच बसतो, तांब्याची नळी कचकन कापतो, कॉम्प्रेसर उचकटून वेगळा करतो, तेल रस्त्यावर, फोम नाल्यात. नळी कापली की सगळा गॅस हवेत. आर-१२ चा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार किलोंपेक्षा जास्त, तापमानवाढीच्या हिशोबाने. नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, त्याचा तो त्रास नाही, पण तो पेट घेतो. बंद जागेत तो कापणारा माणूस विडी ओढत असेल तर काय होईल सांगायला नको. तुमच्या फ्रिजमध्ये कुठला आहे ते मागच्या पट्टीवर किंवा कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बघून ठेवा.

अभय (सी-२०२): मग द्यायचा कुणाला? सगळे भंगारवाल्यालाच देतात.

मोरे (सी-१०३): ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात फ्रिज येतो. बनवणाऱ्या कंपन्यांवरच जबाबदारी टाकलेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेले रिसायकलर असतात, ते आधी गॅस ओढून घेतात आणि मग कापतात. पैसे कमी मिळतील, पण त्यांच्याकडून पावती घ्यायची.

श्वेता (ए-४०३): सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना विचारू का? त्या ई-कचराही घेतात. मी उद्या बोलते.

नलिनीताई, खजिनदार (ए-२०४): विचार. आणि पावती माझ्याकडे दे.

प्राची (बी-२०४): दार?

जोगळेकर काका (ए-३०१): त्या जिन्याखालच्या फ्रिजचा ट्रे कुणी पाहिला आहे का? जिन्यात पाणी ठिबकते. चालू फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ट्रेतले पाणी उडून जाते. बंद फ्रिजमध्ये कोण उडवणार?

दातार, सेक्रेटरी (ए-१०२): समीर, आपली लेखी संमती इथेच द्यावी म्हणजे पुढे प्रश्न नको.

समीर (बी-१०१): दार आत्ताच काढा, फ्रिज रिसायकलरला द्या. माझी संमती आहे. फक्त अंडी ठेवायचा तो पांढरा कप्पा वैशाली काकूंकडे ठेवा. आई त्यात दिव्याच्या वाती ठेवायची. मी दिवाळीत घेऊन जाईन.

वैशाली काकू (बी-३०२): ठेवते बाळा.

मोरे (सी-१०३): मी पाना घेऊन खाली जातोय. कुणीतरी टॉर्च घेऊन या, जिन्याखालचा दिवा कधीपासून गेलाय.

दातार, सेक्रेटरी (ए-१०२): दिव्याची तक्रार रजिस्टरमध्ये नोंदवावी.

प्राची (बी-२०४): मी येतेय.

ओंकार (सी-४०१): मीपण. बांबू हलवतो.

*रात्री १०.४०*

मोरे (सी-१०३): दार निघालं. बिजागराचे बोल्ट गंजलेले होते, त्यामुळे वेळ लागला. जाळ्या परत बसवल्या. किल्ली काढून दातार साहेबांकडे दिली. दार वेगळं, बी विंगच्या मीटर रूममध्ये उभं करून बांधलंय.

ओंकार (सी-४०१): जोगळेकर काका, ट्रे काठोकाठ भरलेला होता. टॉर्च मारली तर अळ्या वळवळत होत्या. मातीत ओतून दिलं आणि ट्रे काढून उपडा ठेवलाय.

जोगळेकर काका (ए-३०१): धन्यवाद ओंकार. नाल्यात ओतले नाहीस हे चांगले केलेस. आता प्रत्येकाने आपल्या घरातला ट्रे आज रात्रीच पाहावा.

अभय (सी-२०२): बघितला काका. पाणी होतं. काढलं.

श्वेता (ए-४०३): आमच्यातही.

प्राची (बी-२०४): मोरे काका, ओंकार, मनापासून आभार. समीर, तुमचेही. आणखी एक. ए विंगच्या गच्चीवर जुनं वॉशिंग मशिन आणि एक डीप फ्रिज पडलाय ना, केटरिंगवाल्यांचा? त्याचं झाकण वरून पडतं.

दातार, सेक्रेटरी (ए-१०२): गच्चीला कुलूप आहे.

प्राची (बी-२०४): विसर्जनाच्या दिवशी गच्ची उघडी असते काका. मुलं मिरवणूक बघायला वरच जातात.

मोरे (सी-१०३): हे मला माहीत नव्हतं. आडव्या डीप फ्रिजचं झाकण जड असतं, आणि खाली वाकलेल्या पोराच्या डोक्यावर पडतं. उद्या सकाळी सातला जातो वर. किल्ली लागेल.

दातार, सेक्रेटरी (ए-१०२): किल्ली वॉचमनकडे ठेवतो. केटरिंगवाल्यांना मी फोन करतो. ते न आल्यास झाकण काढण्यास कमिटीची हरकत नाही.

नलिनीताई, खजिनदार (ए-२०४): दोन्ही एकाच गाडीत जाऊ देत, म्हणजे वाहतूक एकदाच. समीर, वाहतुकीचा खर्च तुझ्या मेंटेनन्समध्ये लावू की सोसायटीतून?

समीर (बी-१०१): माझ्याकडे लावा. मागचं थकलेलंही उद्या भरतो.

श्वेता (ए-४०३): स्वच्छच्या ताईंशी बोलून वेळ टाकते इथे. गाडी आली तर बी विंगच्या दारापर्यंत यायला हवी, त्यामुळे तिथे लावलेल्या दोन दुचाक्या हलवाव्या लागतील.

अभय (सी-२०२): एक माझी आहे. दुसरी कुणाची? एमएच १२, काळी, सीट फाटलेली.

ओंकार (सी-४०१): माझी.