मदत हवी आहे: विंडोज १० वरून ११ वर जायचंय, पण पत्रिकांचे जुने फॉन्ट आणि डोंगल सांभाळून

मंडळी, जरा लांबलचक लिहितेय. "आधी डिटेल्स द्या" यात दोन दिवस जाण्यापेक्षा सगळं एकदाच सांगते.

नारायण पेठेत घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. छपाई अप्पा बळवंत चौकाजवळ. मशीन २०१८ सालचं, जोडून घेतलेलं: इंटेल आय५ ८४००, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, तिचे सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह. विंडोज १० होम, ६४ बिट.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून 'विंडोज ११ घ्या' सांगणारा तो निळा पडदा अधूनमधून येतोय आणि मी "नंतर आठवण करा" दाबतेय. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर याच मशीनला लागतात, त्यामुळे मनात धाकधूक आहे. पीसी हेल्थ चेक (मशीन ११ ला चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप) चालवलं तर दोन फुल्या: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनंच मशीन सुरू होऊ देणारी सोय) नाही. प्रोसेसरला मात्र हिरवी खूण!

तापकीर गल्लीतल्या एका दुकानात विचारलं. त्यानं मशीन न बघताच सांगितलं, "मॅडम, मदरबोर्ड बदलावा लागेल, मग रॅमही बदलेल. त्यापेक्षा नवीनच घ्या." मुलगा बंगळुरूहून तेच म्हणतो. मला ते पटत नाही. चालतंय की व्यवस्थित!

मग नको तो शहाणपणा केला. एका व्हिडिओत बघून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू होण्याची सोय) बंद केलं. मशीन परत सुरू झालं ते काळ्या पडद्यावर, योग्य बूट डिव्हाइस निवडा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रिकेचं प्रूफ द्यायचं होतं. हातपाय गार पडले. सीएसएम परत चालू केलं तेव्हा सगळं जागेवर आलं. तेव्हापासून बायोसला हात लावलेला नाही.

खरी काळजी वेगळीच. माझं सगळं काम जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट गेला तर 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं उमटतात. पत्रिका करायच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (पेन ड्राइव्हसारखी परवान्याची किल्ली) लागतं, ते नसेल तर उघडतच नाही. बारा वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. आजीच्या लग्नाची पत्रिका बघून नातीची करून मागणारी माणसं येतात हो माझ्याकडे. (बरं, आजीची मी केलेली नाही, इतकी म्हातारी नाही.)

तर: मदरबोर्ड न बदलता जमेल का, आणि फॉन्ट-डोंगल टिकतील का?

प्रतिसाद

ताई, एक रुपयाही खर्चू नका. आय५ ८४०० आठव्या पिढीचा आहे, आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरांची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्यापासूनच सुरू होते. टीपीएमसाठी वेगळी चिप लागतेच असं नाही. तुमच्या प्रोसेसरबरोबर ती सोय आलेली आहे, इंटेल तिला पीटीटी म्हणतं (एएमडीवाले एफटीपीएम). त्या काळच्या बोर्डांवर ती बंद ठेवलेली असते इतकंच. सुरू होताना डिलीट की दाबून बायोसमध्ये जा, ॲडव्हान्स्डमध्ये पीटीटी शोधा, चालू करा, सेव्ह करा. परत आल्यावर रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. आवृत्ती २.० दिसली की पहिली फुली गेली.

दुसऱ्या फुलीत तुमचं मशीन अडलं, कारण क्रम उलटा झाला. तुमच्या डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असणार. सीएसएम बंद केलं की मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीनं बूट करायला बघतं, आणि त्याला नव्या जीपीटी विभागणीची डिस्क लागते. आधी डिस्कची पद्धत एमबीआरवरून जीपीटी करा, मग सीएसएम बंद करा, सगळ्यात शेवटी सिक्युअर बूट. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्याला आधी व्हॅलिडेट आणि अलाउफुलओएस हे दोन पर्याय द्या. नावात मधे दोनचा आकडा आहे, 'टू' शब्द नाही. व्हॅलिडेट फक्त तपासतं, काही बदलत नाही. ते पास झालं तरच कन्व्हर्ट.

आणि आधी बॅकअप. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, उठा आणि बॅकअप घ्या.

प्रतिसाद

गुरुवारी करू नका. आमच्याकडे लाइट जायची असली की नेमकी गुरुवारी जाते. कन्व्हर्ट चालू असताना वीज गेली तर कपाळाला हात. यूपीएस असेल तरच.

धागाकर्तीचं उत्तर

पीटीटी सापडलं! एका कोपऱ्यात 'डिसेबल्ड' म्हणून आठ वर्षं बसलं होतं बिचारं. टीपीएम २.० दिसतंय.

व्हॅलिडेट मात्र नापास. डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड एवढंच लिहून गप्प. आता?

प्रतिसाद

अंदाज होताच. त्या साधनाला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) चालतात, आणि एक्स्टेंडेड (पोटात आणखी भाग असलेलं) प्रकारचं एकही चालत नाही. तुमचे सी, डी, ई दिसतात तीन, पण सुरुवातीला 'सिस्टम रिझर्व्ह्ड' नावाचं एक छोटं पार्टिशन लपलेलं असतं. झाले चार. मशीन जोडून देणारे सवयीनं तीन ड्राइव्ह पाडून देतात, त्याचा हा प्रसाद. डिस्क मॅनेजमेंट उघडून खात्री करा. तसंच असेल तर ई मधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर न्या, ते तिथून उघडतंय ना हे पाहा, आणि मगच ई काढून टाका. ई हिरव्या चौकटीत असेल तर तो एक्स्टेंडेडमध्ये आहे, ती चौकटही काढावी लागेल.

फॉन्ट आणि डोंगलबद्दल: फॉन्ट जात नाहीत. 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय घेऊन वरच्या वर अपग्रेड केलं की बसवलेले फॉन्ट तसेच राहतात. तरी फॉन्टचं फोल्डर वेगळं कॉपी करून ठेवाच. अडतो तो डोंगलचा ड्रायव्हर. बनवणाऱ्यांकडून ११ वर चालणारा ड्रायव्हर आधी मागून घ्या, तो हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुना काढा, डोंगल उपसून ठेवा, अपग्रेड झाल्यावर नवा टाका, मग डोंगल लावा. कोणी कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटेग्रिटी (विंडोजचं एक सुरक्षाकवच) बंद करा म्हणालं तर तो शेवटचा उपाय. पेन ड्राइव्ह फिरणाऱ्या मशीनवर नकोच.

प्रतिसाद

लग्नसराईत हा उद्योग कशाला? विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट मिळतात. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नावनोंदणी असते. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. लग्नाच्या तारखा संपल्या की निवांत करा. आणि जमलं तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला. फिरत्या डिस्कवर ११ म्हणजे कर्वे रोडवर संध्याकाळी सातला रिक्षा.

धागाकर्तीचं उत्तर

नावनोंदणी लगेच केली आणि मोठं काम दहा दिवस पुढे ढकललं. चार पत्रिका हातावेगळ्या झाल्या, डोंगलचा नवा ड्रायव्हर मेलवर आला, तेव्हा बसले.

ई खरंच चौथा निघाला. त्यातला मजकूर बाहेर काढायलाच दुपार गेली. त्यात २०१४ च्या एका पत्रिकेच्या अठरा प्रती सापडल्या, 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल'. ई गेल्यावर व्हॅलिडेट पहिल्या झटक्यात पास, कन्व्हर्ट मिनिटाभरात. मग सीएसएम बंद. त्या वेळी डोळे मिटून घेतले होते, खोटं कशाला सांगू. सुरू झालं. मग सिक्युअर बूट.

अपग्रेडला रात्र लागली. सकाळी पत्रिका उघडली, 'चि. सौ. कां.' जिथल्या तिथे. डोंगल आधी ओळखलंच नाही. नवा ड्रायव्हर टाकून मशीन परत चालू केलं, डोंगलच्या मागचा दिवा लागला आणि सॉफ्टवेअर उघडलं.

संथ आहे, त्यामुळे एसएसडीचं बघते. टास्कबार मधे गेलाय, तो डावीकडे कसा आणायचा?

प्रतिसाद

टास्कबारवर उजवं क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, खाली बिहेव्हियर्स, तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट'. आणि दहा दिवस डिस्क क्लीनअप करताना आधीच्या विंडोजच्या फाइल उडवू नका, परत १० वर यायचं झालं तर त्याच लागतात.