सीजे-३बी पेट्रोल जीप घाटात दम सोडते, कार्बोरेटर बदलू का?

संत्रावाला_परतवाडा
राजेहो, जरा मदत करा. बाबांची जीप आहे, सीजे-३बी, १९७८ ची, हरिकेन पेट्रोल इंजिन. आमच्याकडे ज्याच्या-त्याच्या जीपमधे डिझेल इंजिन बसलं पण बाबांनी बसवू नाही दिलं. मधात काही वर्षं शेडमधे उभीच होती, यंदा बगिच्याले पाण्याचे ड्रम न्यायले काढली. सपाटीवर मस्त चालते, स्टार्टिंगले काहीच तक्रार नाही. पण धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याच्या घाटाले लागली का पहिले झटके, मग मिसिंग, मग एक्सलेटर कितीही दाबा ओढतच नाही अन् बंद. पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली तं जसं काही झालंच नाही अशी चालू होते अन् थोडं वर गेलं का पुन्हा तेच. सासुरवाडी मोथ्याची आहे, तिथपर्यंत ही काही पोचत नाही, मेहुणा फोन करून हासते. मिस्त्रीनं कार्बोरेटर खोलून धुतला, किट टाकली, काहीच फरक नाही. आता म्हणते नवाच टाका. चौकात ज्याले विचारावं तो म्हणते ऊन पाहा किती आहे, पेट्रोल उकळून राह्यलं. खरंच होते का असं?

वर्धेकर७
होते ना भाऊ, याले व्हेपर लॉक म्हणतात. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, त्यात इंजिनची गरमी, पाईपात पेट्रोलची वाफ होते अन् पंप वाफ ओढत बसते. पंपावर ओलं फडकं टाक, पाच मिनिटात चालू होईन. अन् पाईप सायलेन्सरच्या जवळून गेला असन तं दूर घे. आमच्या अँबेसेडरले दर उन्हाळ्यात हेच करत होतो.

जुना_मिस्त्री_अकोला
फडकं टाकून चालू झाली म्हणजे व्हेपर लॉकच होता असं काही नाही बावा, तेवढ्या वेळात गाडी उभी राह्यली तं दुसऱ्या दहा गोष्टी पण ठीक होतात.
भाऊ पहिले हे सांग, सकाळी सहाले थंडाव्यात घाट चढवून पाह्यला का? तेव्हा पण बंद पडत असन तं उन्हाले शिव्या देणं सोड. दुसरं, बंद पडते तेव्हा झटके खाऊन हळूहळू मरते का चावी फिरवल्यासारखी एकदम? एकदम मरत असन तं प्लगले करंट देणारी कॉईल नाहीतर कंडेन्सर गरम होऊन करंट सोडून राह्यला, त्यात पण थंड झाली का चालू होते म्हणून लोकं फसतात अन् बिचारा कार्बोरेटर खोलत बसतात. झटके खाऊन मरत असन तं बहुतेक पेट्रोलच कमी पडून राह्यलं.
आता बंद पडली का तिथंच, थंड व्हायच्या आत, एअर क्लीनरचा पाईप काढ अन् कार्बोरेटरच्या घशात पाहत एक्सलेटरची लिव्हर हातानं ओढ. पेट्रोलची पिचकारी आली तं कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, मग प्लगची वायर काढून करंट पाह्य. पिचकारी नाही आली तं पेट्रोल मागूनच येत नाही, मग कार्बोरेटर नवा टाक नाहीतर सोन्याचा टाक. पंपाले काचेची वाटी असन तं ती पण पाह्य, भरलेली आहे का रिकामी, बुडबुडे येतात का. बुडबुडे म्हणजे वाटीच्या गॅसकेटमधून नाहीतर मागच्या पाईपातून हवा घेऊन राह्यली. अन् इंजिन ऑइलचा वास घे. पेट्रोलचा वास आला तं पंपाचा डायाफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटला, मग ऑइल बदलल्याशिवाय गाडी हलवू नको.

संत्रावाला_परतवाडा
काका, काल पहाटेच नेली. ऊन नव्हतं तरी त्याच वळणाच्या आसपास झटके खाऊन बंद. पिचकारी नाही आली. काचेची वाटी अर्ध्याच्या खाली, तळाशी तांबडी माती बसल्यासारखं काहीतरी, बुडबुडे थोडेसे. ऑइलले पेट्रोलचा वास नाही. प्लगले करंट कडक आहे, हाताले बसला म्हणून पक्कं माहीत आहे. पंप नवा टाकू का? नाहीतर पोरं म्हणतात कारचा इलेक्ट्रिक पंप टाकून दे, झंझट खतम.

नागपूरकर_गाड्यावाला
कारचा इंजेक्शनवाला पंप अजिबात नको!! तो ४० पीएसआयच्या वर प्रेशर देतो, तुमच्या कार्बोरेटरला जेमतेम तीन-साडेतीन लागतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल धरणारच नाही, वरून पेट्रोल वाहील आणि गरम एक्झॉस्टवर पडलं तर जीपच पेटेल.
आणि एक बघा, पाईप कधीचे आहेत? आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, जुन्या रबरचा नळा त्यानं फुगतो, आतून सोलतो, बाहेरून दिसायला मात्र एकदम चांगला. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं म्हणून भागून जातं, चढावर फुल लोडला इंजिन मागतं तेवढं येत नाही. इथेनॉल पाणी पण ओढून घेतं, गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा गंजतो. तांबडी माती म्हणताय तो मला गंजच वाटतो.

जुना_मिस्त्री_अकोला
बरोबर. पंप पण टाकू नको अजून. असं कर, पाच लिटरची कॅन घे, बाजूच्या सीटखाली पक्की बांध, झाकणाले बारीक छेद ठेव, अन् टाकीकडून येणारा पाईप काढून पंपाले त्या कॅनमधून ओढू दे. पाईप पेट्रोलचाच घे. काही जण सलाईनची बाटली लटकवतात, पण तिची नळी बारीक, उभ्या गाडीले पुरते, घाटात नाही, उगाच गोंधळ होईन. सोबत बिडी ओढणारा कोणी घेऊ नको. कॅनवर घाट चढली तं पंप, कार्बोरेटर, करंट सगळं पास, भानगड टाकी ते पंप एवढ्यातच. नाही चढली तं पंप खोल.
अन् कॅन लावायच्या आधी एकदा टाकीचं झाकण ढिलं ठेवून सपाटीवर जोरात पळवून पाह्य. कोणी बिनछेदाचं झाकण बसवलं असन तं टाकीत हवा जात नाही अन् पंप ओढून ओढून थकते. बंद पडल्यावर झाकण उघडताना सुस्स आवाज आला का समजून जाय.
वर्धेकर भाऊचं पण साफ खोटं नाही, ओढीच्या पाईपात अडथळा असला तं तिथलं प्रेशर उतरते अन् पेट्रोल कमी गरमीतच उकळते. म्हणून उन्हात त्रास अजून वाढू शकते. पण मूळ भानगड अडथळ्याचीच आहे.

संत्रावाला_परतवाडा
काका कॅनवर पार मोथ्यापर्यंत गेली!! मेहुण्याले अंगणात हॉर्न वाजवून उठवला 😄
झाकणाचं काही नव्हतं. परत आल्यावर पाईप काढून टाकीकडे पायपंपानं हवा मारली, आत बुडबुड झालं, टाकी जोडून घाटाकडे नेली तं अर्धा घाट चढली अन् पुन्हा बंद. मग ड्रायव्हर सीट काढून टाकीच उतरवली. उलटी करून हलवली तं पापुद्रे, गंजाचा चुरा, काळा चिकट गाळ. पेट्रोल ओढते त्या पाईपाच्या तोंडाशी बोटाच्या नखाएवढा पापुद्रा चिकटून होता, इंजिन बंद झालं का ओढ जाते अन् तो खाली पडत असन. टाकी ते पंपाचा रबरी नळा चिरून पाह्यला, आतून बोट लावलं तं काळं निघते.
पण धुता धुता टाकीले तळाशी दोन बारीक भोकं दिसली. इथला वेल्डिंगवाला म्हणते आण, दोन टाके मारून देतो.

जुना_मिस्त्री_अकोला
थांब!! नेऊ नको त्याच्याकडे. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते, धुतली तरी राहते, वेल्डिंगची ठिणगी पडली का टाकी बॉम्बसारखी फुटते. रेडिएटरवाल्याकडे ने, जो अशा टाक्या नेहमी करते अन् आधी उकळत्या पाण्यानं, सोड्यानं धुऊन वाफ काढते. अन् त्याले सांगून ठेव टाकी पेट्रोलची होती म्हणून. नळा नवा घेताना इथेनॉल चालते का विचारूनच घे, अन् पंपाच्या आधी एक काचेचा फिल्टर बसव म्हणजे पुढच्या वेळी कचरा वरूनच दिसन.

वर्धेकर७
अन् जुना कार्बोरेटर फेकू नको, नीट ठेव, या गाड्यांचे ओरिजिनल आता लवकर भेटत नाहीत.